कपाटात राहिलेले दोन कॉन्चेर्तो

चित्रकाराने चित्र पुरे करून भिंतीला लावले की त्याचे काम संपते; पाहणारा येवो अगर न येवो, चित्र तेथे असतेच. संगीतकाराचे तसे नाही. वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना जोवर केवळ कागदावर असते तोवर ती मुकीच असते. ती ऐकू यावी म्हणून साठसत्तर वादक लागतात, त्यांच्यापुढे ठेवावयास ज्याच्या त्याच्या वाद्याची निरनिराळी प्रत लागते, एक दिग्दर्शक लागतो, तालमीचे दिवस लागतात, आणि या सर्वांचा खर्च सोसणारा कोणी तरी धनी लागतो. यांतील एकाचीही उणीव पडली तर कागद कपाटात जातात. चर्चच्या माळ्यावर गायनवृंदाच्या जुन्या हस्तलिखितांचे गठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत, पावसाळ्याची ओल आणि वाळवी त्यांचे काय करते हेही पाहिले आहे, त्या आपल्या गोमंतकीय वाचकांना ही गोष्ट फोड करून सांगण्याचे कारण नाही.

स्पेन देशातील दोन थोर संगीतकारांच्या अशाच दोन रचना पुष्कळ वर्षे उपेक्षित राहिल्या होत्या. २०१५ साली त्या एकाच तबकडीवर ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आल्या. त्यांची ही हकीकत.

दोन्ही रचना ‘पियानो कॉन्चेर्तो’ या जातीच्या आहेत. कॉन्चेर्तो म्हणजे एका वादकाने संपूर्ण वाद्यवृंदाशी केलेला संवाद. कधी पियानो बोलतो व व्हायोलिने ऐकतात, कधी सारा वृंद गर्जून उठतो आणि पियानो त्याला उत्तर देतो. बहुधा तीन खंड असतात. पहिला जोमदार, मधला संथ, शेवटचा पुन्हा द्रुतगतीचा. एकोणिसाव्या शतकात, ज्या काळाला संगीताच्या इतिहासात रोमँटिक युग म्हणतात, त्या काळात हा प्रकार युरोपभर अत्यंत लोकप्रिय झाला. जर्मनीत शुमानने, पोलंडच्या शोपाँने, नॉर्वेच्या ग्रीगने लिहिलेले कॉन्चेर्तो आजही जगभर वाजतात. मग स्पेनचे का वाजत नाहीत? स्पेनमध्ये पियानोवादकांची तर वाण नव्हती.

याचे कारण प्रतिभेच्या अभावात नसून व्यवहारात आहे असे मला वाटते. त्या काळी स्पेनमध्ये संगीताचा पैसा नाट्यगृहात होता. ‘सार्सुएला’ नावाचा त्यांचा संगीत-नाटकाचा प्रकार, आपल्या संगीत नाटकांसारखाच गद्य संवाद आणि गाणी मिळून झालेला, लोकांच्या गळ्यातला ताईत होता. वादकांची पोटापाण्याची सोय तेथे होई. निव्वळ वाद्यसंगीताच्या मैफली करणारी ‘सोसिएदाद दे कॉन्सिएर्तोस’ ही संस्था माद्रिदमध्ये १८६६ साली निघाली, परंतु तसले स्थायी वाद्यवृंद देशात फार थोडे होते. तेव्हा संगीतकार शहाणपणाने दिवाणखान्यात एकट्याने वाजविता येतील असे छोटे पियानोचे तुकडे लिहीत. ते छापले जात, विकले जात, घरोघरच्या मुली ते शिकत. कॉन्चेर्तो लिहिणे म्हणजे हौसेचे, आणि बरेचसे तोट्याचे काम.

तरीही इसाक आल्बेनिथने ते केले. हा १८६० साली कातालोनियातील कांप्रोदोन या डोंगराळ गावी जन्मला. लहानपणापासूनच तो लोकांपुढे पियानो वाजवू लागला. पुढे राजा बाराव्या आल्फोन्सोच्या चिटणीसाने, काउंट मोर्फीने, त्याची शिफारस केली आणि राजाच्या शिष्यवृत्तीवर तो ब्रुसेल्सच्या संगीतशाळेत शिकला. मार्च १८८७ मध्ये माद्रिदच्या ‘सालोन रोमेरो’ या सभागृहात त्याने आपल्या नव्या कॉन्चेर्तोचे वादन केले. वृंदाचे दिग्दर्शन त्याचा मित्र तोमास ब्रेतोन करीत होता. आल्बेनिथ त्या वेळी अवघा २६ वर्षांचा होता. रचनेचे नाव ‘कॉन्सिएर्तो फांतास्तिको’.

नशीब असे की पुढे आल्बेनिथ फार मोठा झाला, आणि त्याच्या मोठेपणानेच या रचनेला झाकून टाकले. १९०५ ते १९०८ या काळात त्याने ‘इबेरिया’ हा १२ पियानोरचनांचा संग्रह लिहिला. त्यात अंदालुसियाचे नाच, गिटारीचा झंकार, सेव्हिल नगरीतील कॉर्पुस ख्रिस्तीची मिरवणूक असे सारे आले. जगाने ठरवून टाकले की आल्बेनिथ म्हणजे हेच. मग शोपाँ व शुमान यांच्या वळणाने लिहिलेला त्याचा तरुणपणीचा कॉन्चेर्तो कोणी विचारावा? त्यात कॅस्टनेट नाहीत, म्हणून तो ‘स्पॅनिश’ नाही! माणसाने एकदा एका रंगाचा अंगरखा घातला की जन्मभर त्याच रंगात दिसावे, ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते. या कॉन्चेर्तोचा मधला खंड ऐकावा. आरंभी तो स्वप्नात असल्यासारखा चालतो, आणि मध्येच एकाएकी खेळकर धावू लागतो. ज्याला हे लिहिता आले त्याला परका उसनवार म्हणणे जड जाते. आल्बेनिथ १९०९ साली, ४९ वर्षे पुरी होण्यास अवघे काही दिवस असता, वारला.

दुसऱ्या रचनेची कथा अधिक करुण आहे. एन्रिके ग्रानादोस याचा जन्म १८६७ साली लेयदा येथे झाला. बार्सिलोना नगरीत त्याने १९०१ साली स्वतःची संगीतशाळा काढली. याच शाळेत पुढे आलिसिया दे लारोचा ही विश्वविख्यात पियानोवादिनी तयार झाली. गोया या चित्रकाराच्या चित्रांवरून सुचलेल्या ‘गोयेस्कास’ या त्याच्या पियानोरचनांनी त्याचे नाव सर्वत्र झाले, आणि त्याच नावाची संगीतिका २८ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात रंगभूमीवर आली. ग्रानादोसला समुद्राचे मोठे भय वाटे. तरीही पत्नी आंपारोसह तो अमेरिकेला गेला होता. सहा मुले स्पेनमध्ये राहिली होती.

परतीची तिकिटे काढलेली असता अध्यक्ष विल्सन यांच्याकडून व्हाइट हाउसमध्ये वादन करण्याचे निमंत्रण आले. असा मान कोण नाकारील? स्पेनला थेट जाणारी बोट त्यामुळे सोडावी लागली. पतीपत्नी इंग्लंडमार्गे निघाली, आणि २४ मार्च १९१६ रोजी ‘ससेक्स’ या जहाजातून फ्रान्सकडे जात असता इंग्लिश खाडीत एका जर्मन पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितले ते असे की ग्रानादोस वाचलाच होता. परंतु पत्नी लाटांत धडपडताना दिसताच त्याने तिच्यासाठी पुन्हा पाण्यात उडी घेतली, आणि दोघेही गेली. जहाजाचा पुढचा भाग उडाला, पण उरलेले जहाज बुडाले नाही. ते ओढून बुलोन्य बंदरात आणण्यात आले. मुलांच्या साहाय्यार्थ त्याच वर्षी न्यूयॉर्कला मोठी मैफल झाली, तीत पाब्लो कासाल्स, पादेरेव्स्की व क्राइस्लर यांनी भाग घेतला.

त्याच्या कागदपत्रांत एका पियानो कॉन्चेर्तोचे हस्तलिखित होते. सी मायनर स्वरातील, ‘पातेतिको’ म्हणजे करुण, असे नाव दिलेले. त्याचा पहिलाच खंड हाती लागला. नवलाची गोष्ट ही की मृत्यूपूर्वी काही आठवडे न्यूयॉर्कमध्ये ग्रानादोसने ‘पियानो रोल’ तयार केले होते. कागदाच्या गुंडाळीवर भोके पाडून वादकाच्या बोटांची नोंद घेत, आणि ती गुंडाळी यंत्रात घातली की पियानोच्या पट्ट्या आपोआप खालीवर होत. त्या गुंडाळ्यांमुळे त्याच्या कित्येक रचना त्याच्याच हातून वाजलेल्या आजही ऐकता येतात. कॉन्चेर्तो मात्र त्यांत नाही.

बार्सिलोनाचा पियानोवादक मेलानी मेस्त्रे याने हे काम हाती घेतले. (गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज व व्हायोलिन शिकविणाऱ्या मास्तरांना मेस्त्री म्हणत, आडनाव त्याच शब्दाच्या घरातले.) पहिला खंड त्याने हस्तलिखितावरून सिद्ध केला. उरलेले दोन खंड अस्तित्वातच नव्हते, ते त्याने ग्रानादोसच्याच इतर पियानोरचनांतील सामग्री घेऊन, तिला वाद्यवृंदाचा साज चढवून रचले.

येथे प्रामाणिकपणे थांबून विचार केला पाहिजे. मृत माणसाचे अपुरे घर दुसऱ्याने बांधून पुरे करावे काय? विटा त्याच्याच, पण भिंती कोठे घालावयाच्या हे ठरविणारा दुसरा. माझे मत असे की मेस्त्रे याने दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून खपविली नाही, किंवा आपली वस्तू दुसऱ्याच्या नावावर घुसडली नाही. पुनर्रचना त्याची आहे हे उघडपणे नमूद केले आहे. एकच खंड वाजवून थांबणारा कॉन्चेर्तो मैफलीत कोणी ठेवीत नाही, म्हणजे दोन खंडांच्या अभावी तिसराही मुकाच राहता. या तर्काला उत्तर देणे कठीण आहे, जरी शेवटचा खंड ऐकताना माझे मन पुरते निःशंक होत नाही.

लंडनच्या ‘हायपेरियन’ या कंपनीने १९९१ पासून रोमँटिक युगातील विसरलेल्या पियानो कॉन्चेर्तोंची एक मालिकाच चालविली. ही कंपनी टेड पेरी या गृहस्थाने १९८० साली काढली, आणि आरंभीच्या दिवसांत पैशाची भर घालण्यासाठी तो स्वतः भाड्याची मोटार चालवीत असे. मालिकेच्या पहिल्या तबकडीवर मोश्कोव्स्की आणि पादेरेव्स्की यांचे कॉन्चेर्तो होते. पुढे तबकड्यांची संख्या ८० च्या वर गेली. आपले स्पेनचे दोन कॉन्चेर्तो ६५ व्या तबकडीवर आहेत, त्यांच्या जोडीला आल्बेनिथचीच ‘रापसोदिया एस्पान्योला’. पियानोवर मेस्त्रे, वृंद ग्लासगोचा बीबीसी स्कॉटिश सिंफनी, दिग्दर्शक मार्टिन ब्राबिन्स.

असे ध्वनिमुद्रण म्हणजे एका संध्याकाळची मैफल नव्हे. अनोळखी रचना असली म्हणजे वादकांच्या प्रतींत चुका निघतात. एखाद्याच्या कागदावर कोमल स्वराची खूण राहिलेली असते, कोठे मात्रा कमी पडते. शेजारच्या खोलीत स्वरलेखन पुढ्यात घेऊन एकजण प्रत्येक मापाकडे कान लावून बसतो. कोणाची खुर्ची करकरली, एखादा कर्णा अर्ध्या क्षणाने मागे राहिला, की तेवढा भाग पुन्हा. असे अनेक वेळा वाजविलेले तुकडे पुढे सांधून एक सलग रचना होते. प्रसिद्ध कॉन्चेर्तो वृंदाला जवळजवळ पाठ असतो. येथे मात्र साठ माणसे एकाच वेळी नवे वाचीत असतात, आणि भाड्याचा प्रत्येक तास मोजला जात असतो.

ग्रानादोसचा पहिला खंड संपतो तेव्हा तबकडीवर काही क्षण काहीच वाजत नाही. मग दुसरा खंड सुरू होतो. मी दोनदा ऐकले. दोन्ही वेळा ते क्षण मला अंमळ लांब वाटले.