हलालीकाठचे जगदीशपूर

भोपाळहून बैरसियाच्या वाटेने सुमारे ११ किलोमीटर गेले, की शहराच्या सीमेशी नदीकाठी वसलेले जगदीशपूर लागते. जुन्या भोपाळकरांच्या तोंडी त्याचे नाव इस्लामनगर. चमन महालाच्या कमानी, बाग व कारंजी पाहून पाहुणे परततात. मराठी माणसाने मात्र येथे क्षणभर अधिक थांबावे.

राजपुतांचे हे गाव १८व्या शतकाच्या आरंभी दोस्त महंमद खानाने जिंकले व त्याचे नाव बदलले. त्याने नदीकाठी मेजवानीस बोलावलेल्या प्रतिपक्षाची कत्तल केली आणि त्यावरून नदी ‘हलाली’ झाली, अशी कथा सांगतात. १८०६ ते १८१७ या काळात इस्लामनगर शिंद्यांच्या ताब्यात होते. पुढे ते भोपाळच्या नवाबांस परत मिळाले. भोपाळची ताजुल मशीद बांधण्यास आरंभ करणाऱ्या शाहजहान बेगमेचा जन्म १८३८ साली याच गावी झाला.

२०२३ साली शासनाने गावास जुने नाव परत दिले. नाव एका आदेशाने पालटले; नदीचे दुखणे इतक्या सहज सरणारे नाही. पातरा नाला भोपाळचे सांडपाणी घेऊन हलालीस मिळतो, हलाली पुढे बेतवेस मिळते. आपल्याच घरच्या मोरीचे पाणी असे दूरवर जाते. म्हणून सहलीस जाल तेव्हा महाल तर पाहाच, परंतु मुलांना काठावर नेऊन नदीही दाखवा. गावास त्याचे नाव मिळाले. नदीस तिचे निर्मळ पाणी देणे हे आपणा शहरवासीयांचे ऋण आहे.