समुद्रातली भाजी

आमच्या शाळेची सहल मालवणला गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. ओहोटी लागली होती. खडक उघडे पडले होते. चौथीतल्या एका मुलाने खडकावरून हिरवंगार, पालकाच्या पानासारखं काहीतरी उचललं आणि विचारलं, "बाई, हे खातात का?" बाकीची मुलं ओरडली, "शी! शेवाळ!" मीही घाईत सांगून टाकलं, "नाही रे, टाक ते."

घरी आल्यावर पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की उत्तर चुकलं होतं. माझंच! मग मी त्या मुलाला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

समुद्रातल्या या शेवाळाला खरी मुळं नसतात, खोड नसतं, पानंही नसतात. आपल्या सगळ्या अंगाने ते समुद्राच्या पाण्यातून क्षार शोषून घेतं. जपानमध्ये ते रोजच्या जेवणात असतं. तिथली मुलं डब्यात भाताचा गोळा नेतात, त्याला गुंडाळलेला काळपट कागदासारखा पापुद्रा म्हणजे 'नोरी'. सूपमध्ये तरंगणारं हिरवं शेवाळ म्हणजे 'वाकामे'. आणि आमटीला चव यावी म्हणून पाण्यात भिजवून उकळतात, ते जाड पट्ट्यांचं 'कोंबू'.

तुम्ही म्हणाल, "आम्ही नाही बाई असलं काही खात!" थांबा. चायना ग्रास घालून आई दुधाचं पुडिंग करते ना? ते चायना ग्रास लाल शेवाळापासूनच बनतं!

आता याचा फायदा काय, ते बघू. शेवाळात चोथा असतो, त्याने पोट साफ राहतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम असे क्षार असतात. वाळलेल्या नोरीत तर प्रथिनंही भरपूर असतात. पण नोरीचा एक कागद जेमतेम ३ ग्रॅमचा! तेवढ्याने वरण-उसळीची जागा थोडीच भरून निघणार? शेवाळाची खरी श्रीमंती वेगळीच आहे. ती म्हणजे आयोडिन.

आयोडिन सापडलं तेच मुळी शेवाळात. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा हा रसायनतज्ज्ञ शेवाळाच्या राखेवर काम करत होता. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा त्याला बनवायचा होता. एके दिवशी राखेत आम्ल जरा जास्त पडलं आणि सुंदर जांभळी वाफ निघाली. तेच आयोडिन! ग्रीक भाषेतल्या 'जांभळा' या अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव मिळालं.

आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीराची वाढ आणि मेंदूची वाढ तिच्या रसावर अवलंबून असते आणि तो रस बनवायला आयोडिन लागतं. किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. करा बरं गणित! सत्तर वर्षांचं मिळून जेमतेम ४ ग्रॅम होतं. पण एवढंसं मिळालं नाही, तर गळा सुजून गलगंड होतो. गरोदर आईला फारच कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते.

डोंगराळ भागातल्या मातीतलं आयोडिन पावसाने आणि बर्फाच्या पाण्याने वाहून जातं. म्हणून हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात घरोघरी गलगंड दिसे. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही भागांत आयोडिन मिसळलेलं मीठ दिलं, एका भागात साधं. काही वर्षांनी पाहिलं, तर आयोडिनचं मीठ खाणाऱ्या भागांत शाळकरी मुलांमधला गलगंड खूपच कमी झाला होता. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. जपानी मुलांना जे शेवाळातून मिळतं, ते आपल्याला मिठाच्या बरणीतून मिळू लागलं.

मग जास्त शेवाळ खाल्लं तर जास्त हुशार होऊ का? मुळीच नाही! एक ग्रॅम वाळलेल्या कोंबूत दिवसभराच्या गरजेच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त आयोडिन असू शकतं. नोरीत ते बरंच कमी असतं. आयोडिन अति झालं तरी थायरॉइड बिघडते. म्हणून पालकांनो, शेवाळाच्या गोळ्या किंवा भुकटी मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि मुलांनो, किनाऱ्यावरचं शेवाळ उचलून तोंडात घालायचं नाही हं! समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यातली घाणही ते शोषून घेतं. खायचं शेवाळ स्वच्छ पाण्यात वाढवलेलं आणि तपासलेलं असावं लागतं.

आता घरचा अभ्यास. आज स्वयंपाकघरात जा. मिठाच्या पुडीवर 'आयोडिनयुक्त' लिहिलंय का, ते वाचा. बरणीचं झाकण घट्ट आहे का, तेही बघा, कारण ओल लागली की आयोडिन उडून जातं. मीठ मात्र बेतानेच खायचं, आयोडिनच्या नावाखाली पापड-लोणच्यावर ताव मारायचा नाही!

आणि हो, बाईंना प्रश्न विचारायला कधी लाजू नका. चौथीतल्या त्या मुलाने विचारलं, म्हणून तर मला शोधावंसं वाटलं!