जोई डनलॉप : एकतीस वर्षं रस्त्यावर

३ जून २००० रोजी आइल ऑफ मॅन बेटावरची फॉर्म्युला वन टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) ही मोटरसायकलची शर्यत जोई डनलॉपने जिंकली, तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी डेव्हिड जेफरीज त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होता. मोठ्या गाडीवरची ही शर्यत जोईने याआधी जिंकली होती ती १९८८ मध्ये. मधल्या बारा वर्षांत त्याला कितीदा तरी निवृत्त करून झालं होतं. त्याच आठवड्यात त्याने २५० सीसी आणि १२५ सीसी गटातल्या शर्यतीही जिंकल्या आणि टीटीतले त्याचे विजय सव्वीस झाले. महिना पुरा व्हायच्या आत, २ जुलैला, एस्टोनियात टालिनजवळच्या एका शर्यतीत तो गेला.

या दोन तारखांमुळे त्याची गोष्ट नेहमी शेवटाकडून सांगितली जाते. पण मला त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा काळ वाटतो तो १९८९ नंतरच्या तीन-चार वर्षांचा. त्या काळाच्या सुरुवातीला तो हरत होता.

जोईचा जन्म २५ फेब्रुवारी १९५२चा, उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यातला. बॅलीमनी हे त्याचं गाव. १९६९ मध्ये मगाबेरीच्या जुन्या धावपट्टीवर दोनशे सीसीच्या ट्रायम्फ टायगर कब गाडीवर तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. त्या मुलखात गावाबाहेरचे रस्ते दिवसभरासाठी बंद करून शर्यती भरवण्याची जुनी रीत आहे. कुंपणांच्या आणि घरांच्या भिंतींच्या मधून, एरवी ज्या रस्त्याने ट्रॅक्टर जातात त्याच रस्त्याने मोटरसायकली सुटतात. सत्तरच्या दशकात तिथे दोन टोळ्यांची चुरस गाजत होती. एकीकडे ‘आर्मॉय आर्माडा’ म्हणजे जोई, त्याचा भाऊ जिम, मेव्हणा मर्विन रॉबिन्सन आणि मित्र फ्रँक केनेडी. दुसरीकडे रे मॅककलाच्या बाजूचे ‘ड्रोमारा डिस्ट्रॉयर्स’. बाहेर बॉम्ब फुटत होते, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या एकमेकींपासून तुटत चालल्या होत्या, आणि शर्यतीच्या दिवशी मात्र दोन्हींकडची माणसं एकाच बांधावर उभी असत. जोई प्रोटेस्टंट घरातला. त्याला आपला मानताना कोणी ते पाहिलं नाही.

टीटीचा रस्ता एका फेरीला जवळपास एकसष्ट किलोमीटरचा आहे. डग्लसच्या ग्रँडस्टँडपासून निघालं की लगेच ब्रे हिलचा उतार लागतो, दोन्ही बाजूंना राहती घरं. पुढे दगडी भिंती, दाट झाडी, बॅलॉच्या छोट्या पुलावर दोन्ही चाकं हवेत. रॅम्झी गाव ओलांडलं की स्नेफेल डोंगराची चढण, तिथे ऊन असेल की धुकं हे खाली उभ्या माणसाला कळत नाही. मग क्रेग-नी-बा वरून पुन्हा डग्लसकडे उतरण. दोनशेहून जास्त वळणं. स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेकटे सुटतात, त्यामुळे शर्यत घड्याळाशी असते. आपण कितव्या नंबरावर आहोत हे रस्त्याकडेला आपल्या माणसाने धरलेल्या पाटीवरून कळतं, तेही ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात नजरेला सापडलं तर. १९११ पासून या रस्त्यावर अडीचशेच्या वर स्पर्धक दगावले आहेत.

१९७२ मध्ये जिल्बेर्तो पार्लोत्ती हा स्वार इथे मरण पावला आणि जगज्जेता जाकोमो अगोस्तीनीने पुन्हा या बेटावर शर्यत खेळायला नकार दिला. एकेक करून बडे स्वार दूर झाले. १९७६ नंतर टीटी जागतिक अजिंक्यपदाच्या ग्रां प्री मालिकेतून कायमची बाहेर पडली. नेमका त्याच वर्षी जोई पहिल्यांदा इथे उतरला. म्हणूनच काही जाणकार म्हणतात की जगातले सर्वोत्तम स्वार गेल्यावर उरलेल्यांत तो राजा झाला. शंका रास्त आहे. बंदिस्त सर्किटवर जोईने ग्रां प्री विजेत्यांना घाबरवावं असं फारसं काही केलं नाही, आणि त्याला ते करायचंही नव्हतं. पण सर्किटवर चुकलं तर वाळूत घसरायला जागा असते, आणि तेच वळण दीड-दोन मिनिटांनी पुन्हा समोर येतं. टीटीत ते वळण वीस मिनिटांनी येतं, आणि चुकायला जागा नसते. तिथला वेग मुख्यतः स्मरणशक्तीतून येतो. कुठला खड्डा यंदा बुजवलाय, कुठल्या झाडाखालचा डांबराचा तुकडा पाऊस थांबल्यावरही तासभर ओला राहतो, हे ज्याला ठाऊक तो पुढे. हे ज्ञान दोन मोसमांत मिळत नाही.

पहिला विजय १९७७ मध्ये ज्युबिली टीटीत मिळाला. पण जोई डनलॉप हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं ते १९८० मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात नॉर्थ वेस्ट २०० शर्यतीत मर्विन रॉबिन्सन गेला होता. त्याच्या आदल्या वर्षी त्याच शर्यतीत फ्रँक केनेडीला झालेल्या जखमा प्राणघातक ठरल्या होत्या. आर्मॉय आर्माडाच्या चौघांपैकी दोघे उरले. जोई सगळं सोडायच्या विचारात होता. तरी तो बेटावर गेला. क्लासिक टीटीत त्याच्याकडे खासगी संघाची यामाहा टीझेड ७५० होती आणि समोर होंडाचे कारखान्याचे स्वार. पहिल्याच फेरीत पेट्रोलच्या टाकीचा पट्टा तुटला. भरलेली मोठी टाकी प्रत्येक ब्रेकला पुढे, प्रत्येक उंचवट्याला वर. थांबावं तर शर्यत गेली. त्याने टाकी गुडघ्यांनी आणि हातांनी दाबून धरली आणि सहाही फेऱ्या काढल्या. नुसत्या काढल्या नाहीत, तर ताशी ११५.२२ मैलांचा, म्हणजे १८५ किलोमीटरच्या वरचा, फेरीचा नवा विक्रम करून जिंकला. पुढच्या वर्षापासून तो होंडाचा झाला तो अखेरपर्यंत.

त्यानंतरची वर्षं आकड्यांत सांगितली तरी चालतील. १९८२ ते १९८६ सलग पाच वेळा टीटी फॉर्म्युला वनचं जागतिक अजिंक्यपद. १९८३ ते १९८८ बेटावरच्या फॉर्म्युला वन शर्यतीत सलग सहा विजय. १९८५ मध्ये बेटाकडे जाताना तो ज्या मासेमारी बोटीत होता ती रात्री स्ट्रँगफर्डच्या खाडीजवळ बुडाली, सगळ्यांना जीवरक्षक बोटीने वाचवलं, आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्याने तीन शर्यती जिंकल्या.

होंडाचा पगारी स्वार झाल्यावरही तो गाडीचं इंजिन स्वतः उघडत असे. बॅलीमनीच्या गॅरेजमध्ये रात्र-रात्र काम, मग व्हॅनमध्ये गाड्या चढवून स्वतःच चालवत शर्यतीला जाणं. पांढरे सदरे घातलेले मेकॅनिक दिमतीला असताना हातात पाना घेऊन बसणारा स्वार पाहून कंपनीच्या लोकांना नवल वाटे. मला त्यात साधेपणापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. ज्याला डोंगरावर एकट्याने इंजिनाचा आवाज ऐकून पुढे जायचं की सावरून घ्यायचं हे ठरवायचंय, त्याने ते इंजिन स्वतः जुळवलेलं असलं तर आवाजातला फरक त्याला लवकर कळतो.

१९८९ मध्ये गुड फ्रायडेला इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच सर्किटवर दुसऱ्या स्वाराशी टक्कर झाली. पाय मोडला, मनगट मोडलं. त्या वर्षीची टीटी बुडाली. तो दुखापतीतून सावरत असताना स्टीव्ह हिस्लॉपने ताशी १२० मैलांच्या सरासरीची फेरी पहिल्यांदा मारली आणि त्याच्याबरोबर कार्ल फोगर्टीचंही नाव गाजू लागलं. नवी पिढी आली होती. जोई परतला तेव्हा ७५० सीसीची जड गाडी सहा फेऱ्या दामटण्याची ताकद त्याच्या अंगात नव्हती. माईक हेलवुडच्या टीटीतल्या चौदा विजयांच्या विक्रमापासून तो एका विजयाने दूर होता आणि तिथेच अडकला. १९९० गेलं, १९९१ गेलं.

तेव्हा त्याने जे केलं ते भल्याभल्यांना जमत नाही. तो लहान गाड्यांकडे वळला. १२५ सीसीची शर्यतीची होंडा टू-स्ट्रोक, वजन सत्तर किलोच्या आसपास. आपल्याकडे ज्यांनी यामाहा आरएक्स १०० मनापासून चालवली आहे त्यांना ठाऊक आहे की टू-स्ट्रोक इंजिन ठरावीक आवर्तनांच्या पट्ट्यातच जोर देतं. तो पट्टा सुटला की गाडी मरते. शर्यतीच्या १२५मध्ये हा पट्टा आणखी चिंचोळा. ताकद जेमतेम, म्हणून वळणात सोडलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही. कार्ब्युरेटरचा जेट त्या दिवसाच्या हवेप्रमाणे बदलावा लागतो, नाहीतर डोंगरावर पिस्टन जाम होतो. म्हणजे रस्त्याची आठवण आणि हातातली कारागिरी, जोईकडच्या ज्या दोन गोष्टी पाय मोडल्याने कमी झाल्या नव्हत्या, त्यांचीच ही परीक्षा. या गटात त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट आधीची सलग तीन वर्षं जिंकला होता. १९९२ मध्ये जोईने त्यालाच मागे टाकून चौदावा विजय मिळवला, १९९३ मध्ये याच गटात पंधरावा. हेलवुडचा विक्रम मोडला तो सगळ्यात छोट्या गाडीवर. यात कमीपणा मानणारे होते. मला तो सव्वीसांतला सर्वांत कष्टाचा विजय वाटतो.

मग हात मोकळा झाला. १९९४ ते १९९८ दरवर्षी २५० सीसीचा विजय त्याचाच. १९९५ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी मोठ्या गाड्यांची सीनिअर टीटीही जिंकली. १९९८ मध्ये टँड्रगीच्या शर्यतीत पडून एक बोट गेलं, कॉलरबोन मोडलं, कमरेच्या हाडाला चीर गेली. काही आठवड्यांनी बेटावर कोसळत्या पावसात २५०ची शर्यत निघाली, फेऱ्या कमी केल्या गेल्या. इतर पेट्रोलसाठी थांबत असताना तो थांबला नाही आणि जिंकला. आकाशाकडे पाहून शर्यत लवकर आटोपती घेतील हे त्याने ओळखलं होतं.

दोन शर्यतींच्या मधल्या महिन्यांत तीच व्हॅन अन्नधान्य आणि कपड्यांनी भरून तो रुमानिया, बोस्निया, अल्बानियाच्या अनाथाश्रमांकडे निघे, बहुतेकदा एकटाच. १९८६ मध्ये शर्यतींसाठी एमबीई किताब मिळाला होता; १९९६चा ओबीई या कामासाठी होता.

टालिनलाही तो असाच व्हॅन चालवत गेला. टीटीच्या तीन विजयांनंतर त्याला काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं, मग तिथे कशाला गेला, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला. पण सिद्ध करण्यासाठी तो कधी गेलाच नव्हता. टालिनच्या पिरिता भागातल्या झाडीतल्या रस्त्यावर मोठ्या गाडीची आणि ६०० सीसीची शर्यत त्याने जिंकली. मग पाऊस आला. १२५च्या शर्यतीत तो सगळ्यांत पुढे होता, गाडी घसरली आणि झाडांवर आदळली. बॅलीमनीजवळच्या गॅरीडफ चर्चला अंत्ययात्रेसाठी पन्नास हजारांच्या आसपास माणसं लोटली, दोन्ही पंथांची.

या घराण्याने पुढेही किंमत मोजली. २००८ मध्ये नॉर्थ वेस्ट २०० च्या सरावात रॉबर्ट गेला. त्याच्या दफनाआधीच धाकटा मुलगा मायकल त्याच शर्यतीत उतरला आणि जिंकला. २०१८ मध्ये मोठा मुलगा विल्यम आयर्लंडमधल्या स्केरीज शर्यतीच्या सरावात गेला. हे सगळं जाणून या खेळावर प्रेम करणं अवघड आहे. मी करतो, आणि का करतो याचं समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही.

२०२४ मध्ये मायकलने काकाचा सव्वीस विजयांचा विक्रम मागे टाकला. तेव्हापासून दोघांत थोर कोण हा वाद रंगतो. आज एका टीटीत स्वाराला जिंकण्याजोग्या शर्यती जास्त असतात, एकाच गटाच्या दोन-दोन शर्यती होतात, त्यामुळे आकडे शेजारी मांडून निकाल लागणार नाही. मायकलचा वेग जोईला स्वप्नातही दिसला नसता. पण १२५ ते १००० सीसी, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक, वयाची पंचविशी आणि अठ्ठेचाळिशी, या सगळ्यांवर पसरलेले सव्वीस विजय दुसऱ्या कुणाकडे नाहीत. माझं मत अजून जोईच्या बाजूने आहे.