डुकरांची पेज, दहा वॉनचा रामेन आणि १०१ कालवडी

२०२२ च्या डिसेंबरात दक्षिण कोरियाच्या इंचॉन विमानतळावरून काही प्रवासी नेपाळला निघाले. पासपोर्ट एकीच्याही जवळ नव्हता. दुभत्या जातीच्या १०१ कालवडी होत्या त्या, मुक्काम पोस्ट जिल्हा सिंधुली. कोरियाने नेपाळच्या शेतकऱ्यांना दिलेली ही भेट.

यात विशेष काय, तर सत्तर वर्षांपूर्वी हीच वरात उलट्या दिशेने निघाली होती. १९५२ साली, कोरियन युद्ध चालू असतानाच, ‘हेफर’ नावाच्या अमेरिकी संस्थेने कोरियाला विमानाने अंडी पाठवली. खायची नव्हे, उबवायची. दोन लाखांहून जास्त! पाठोपाठ गाई, डुकरं, शेळ्या आल्या आणि एका खेपेला तर चक्क १५ लाख मधमाश्या. (वैमानिकाला काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.) १९७६ पर्यंत सुमारे ३,२०० जनावरं पोचली. जहाजावर त्यांचं वैरणपाणी आणि शेणघाण काढायला शेकडो स्वयंसेवक बरोबर असत. नेपाळच्या कालवडीही याच संस्थेमार्फत गेल्या, म्हणजे हिशेब जिथला तिथेच मिटला.

सिगारेटच्या थोटकातून निघालेला धंदा

आज आपल्याकडची कॉलेजची पोरं नाकातोंडातून पाणी काढत जो तिखटजाळ कोरियन रामेन खातात, त्याचं मूळ फार करुण आहे. युद्धानंतर सोलच्या नामदेमुन बाजारात लोक एका पातेल्यापुढे रांग लावायचे. पातेल्यात अमेरिकी लष्करी तळावरचं उष्टंमाष्टं एकत्र उकळलेलं असे. नावच ‘डुकरांची पेज’. खाताना कधी बटण हाती लागे, कधी सिगारेटचं थोटूक. ती रांग जॉन जुंग-युन या गृहस्थांनी पाहिली. जपानी कंपनीकडून यंत्रं आणली आणि १९६३ मध्ये ‘सामयांग’चा पहिला रामेन बाजारात आणला, किंमत दहा वॉन. गहू देशात पुरेसा नव्हताच. तो येत होता अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ कायद्याखाली. हो, तोच कायदा, ज्याच्या कृपेने आपल्या आजी-आजोबांनी रेशनच्या रांगेत लाल गहू घेतला आणि पोळ्या लाटताना त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. २०२४ मध्ये कोरियाची रामेनची निर्यात १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि त्यात मोठा वाटा याच सामयांगचा.

तळावरून बाहेर आलेली दुसरी चीज म्हणजे स्पॅम, डब्यातलं डुकराचं मांस. त्यात सॉसेज आणि किमची घालून उकळलं की झाली ‘बुदे-जिगे’, म्हणजे लष्करी तळाची आमटी. उइजोंगबू शहरात या आमटीच्या हॉटेलांची आख्खी गल्ली आहे. आणि स्पॅम? चुसोकच्या सणाला कोरियन लोक तो सजवलेल्या खोक्यात घालून एकमेकांना देतात, आपल्याकडे दिवाळीला सोनपापडी फिरते तसा. फरक एवढाच, की तो पुढे न ढकलता खाल्ला जातो. स्पॅम खाण्यात अमेरिकेखालोखाल नंबर कोरियाचा!

शेवटच्या पानावरची ओळ

युद्धाने शाळा पाडल्या, पुस्तकं जाळली. १९५४ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्बांधणी संस्थेने मिळून सोलमध्ये पाठ्यपुस्तकांचा छापखाना उभारून दिला. त्या पुस्तकांत कागद कुणी दिला, छपाईला मदत कुणाची, हे छापलेलं असे. ती वाचून शिकलेला बान की-मून नावाचा मुलगा पुढे २००७ मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांचा महासचिव झाला.

३३५ पोती आणि एक अट

आता सगळ्यात मसालेदार किस्सा. १९७० च्या सुमारास देशात सिमेंट जास्त झालं. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी ते ३३ हजारांहून जास्त गावांना फुकट वाटलं, प्रत्येक गावाला ३३५ पोती. गाव लहान असो की मोठं, पोती तेवढीच. अट एकच: घरटी वाटून घ्यायची नाहीत, गावाच्या सामाईक कामाला वापरायची. (आपल्याकडे निम्मी पोती कुणाच्या ओट्याला लागली असती, ते वाचकांनी आपापल्या गावावरून ठरवावं.) कुणी रस्ता केला, कुणी ओढ्यावर साकव बांधला, कुणी धुण्याचा घाट. काही गावांत पोती तशीच दगड होऊन पडली. दुसऱ्या वर्षी सरकारने खरी गंमत केली. ज्या साधारण १६,६०० गावांनी काम करून दाखवलं, त्यांनाच ५०० पोती आणि वर एक टन लोखंडी सळया. बाकीच्यांना काहीही नाही! शेजारच्या गावात सळया उतरताना पाहून मागच्यांना जो घाम फुटला, त्यातून ‘सेमाउल उन्दोंग’, म्हणजे नव्या गावाची चळवळ, देशभर पसरली. तिची कागदपत्रं २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहेत, आणि कोरिया आता हाच नमुना आफ्रिका-आशियातल्या गावांना शिकवतो.

शिकवताना हे मात्र जरा हळू आवाजात सांगितलं जातं, की पार्क लष्करी हुकूमशहा होते, गवताची छपरं सक्तीने उतरवली गेली आणि त्यांच्या जागी आलेले पत्रे होते अॅस्बेस्टॉसचे. ते काढायला आज सरकार पैसे मोजतंय. नमुना उचलायचा तर हेही उचलून पाहावं.

पाहुणचार, तोही दुसऱ्याच्या पैशाने

कोरियाने इतर देशांच्या लोकांना बोलावून प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली ती १९६३ मध्ये. खर्च अमेरिकेचा! त्याच वर्षी कोरियाचे तरुण पश्चिम जर्मनीच्या कोळसा खाणींत उतरायला निघाले; १९७७ पर्यंत सुमारे आठ हजार खाणकामगार आणि दहा हजारांवर परिचारिका गेल्या. त्यांच्या मनीऑर्डरींवर इकडे घरं चालली, भावंडं शिकली.

एकूण मदत किती मिळाली? १९४५ पासून नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत सुमारे १,२७० कोटी डॉलर. १९९१ मध्ये ‘कोइका’ ही मदत देणारी सरकारी संस्था स्थापन झाली. आता आपण देणारे, असं म्हणेपर्यंत १९९७ च्या आर्थिक संकटात देश नाणेनिधीच्या दारात उभा! तेव्हा सुमारे ३५ लाख लोकांनी लग्नातल्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं सोनं देशासाठी जमा केलं. जमलं २२७ टन. नाणेनिधीचं कर्ज २००१ मध्ये, मुदतीच्या तीन वर्षं आधी फिटलं.

१ जानेवारी २०१० पासून कोरिया श्रीमंत देणगीदार देशांच्या विकास साहाय्य समितीचा सदस्य आहे. ‘घेणाऱ्याचा देणारा झालेला पहिला देश’ हे वाक्य कोरियन पुढाऱ्यांच्या भाषणात हमखास येतं. ग्रीस-पोर्तुगालनेही कधीकाळी हात पसरला होता, तेव्हा ‘पहिला’ शब्दावर वाद घालता येईल. पण इतक्या तळातून वर आलेला दुसरा सदस्य त्या समितीत दाखवा!

परतफेडीचे काही नमुने

२०१८ मध्ये भुकेल्या देशांसाठी मदतीचा तांदूळ गुनसान बंदरातून निघाला. जपानी राजवटीत कोरियाचा तांदूळ याच बंदरातून ओढून नेला जायचा. सुरुवातीला वर्षाला ५० हजार टन जाई. २०२४ मध्ये तो एक लाख टन झाला. येमेन, इथिओपिया, केनिया, युगांडा ही सुरुवातीची गिऱ्हाइकं.

२०२० मध्ये, करोनाच्या ऐन भरात, अमेरिकेतल्या शेकडो निवृत्त मंडळींच्या दाराशी एकेक खोका आला. साठ-सत्तरच्या दशकांत ही माणसं ‘पीस कोअर’चे स्वयंसेवक म्हणून कोरियाच्या शाळा-दवाखान्यांत राबली होती. खोक्यात १०० मास्क, जिनसेंगच्या गोळ्या आणि चांदीचा चमचा नि चॉपस्टिक!

सगळंच काही असं गोड नाही. कोरियाची मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.२ टक्क्याच्या आसपास घुटमळते. संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे ०.७ टक्के. शिवाय त्यातला बराच भाग देणगी नसून सवलतीचं कर्ज असतो. त्याचा नमुना पाहायला लांब जायला नको. समृद्धी महामार्गावरच्या अत्याधुनिक वाहतूक नियंत्रण यंत्रणेसाठी २०२३ मध्ये कोरियाच्या विकास निधीशी करार झाला, सुमारे १,५०० कोटी रुपयांचा. या निधीचा भारतातला हा पहिलाच प्रकल्प. तेव्हा नागपूरला जाताना वेगमर्यादा सांभाळा. टिपणाऱ्या यंत्रणेचे हप्ते आपल्यालाच फेडायचेत, वर दंड कशाला?