शेवटची गाठ सुईचीच

तापीवरचे हतनूर धरण 1982 मध्ये पूर्ण झाले आणि चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडून मुक्ताईनगरच्या बाजूला पाणी तुंबून राहू लागले. असल्या संथ फुगवट्यात रात्री लावून सकाळी उचलायचे जाळे सोयीचे पडते. देशभर त्याआधीच, साठच्या दशकापासून, सुती जाळ्याची जागा नायलॉन घेऊ लागले होते. सुती जाळे रोज वाळवावे लागे, नाहीतर कुजे. नायलॉनने ती कटकट संपवली. पुढे कारखान्यात विणलेले जाळे वजनावर मिळू लागले आणि जाळे विणायची सुई आता अडगळीत गेली, असा समज झाला. तो अर्धाच खरा आहे. यंत्राने मधले विणकाम नेले. शेवट मात्र हातातल्या सुईकडेच राहिला, आणि तो पूर्वीपेक्षा अवघड झाला.

कारण सुतातच आहे. कापसाचा दोरा भिजला की फुगतो आणि साधी गाठ आपोआप आवळते. नायलॉन गुळगुळीत आणि ताणणारे. तीच गाठ त्यावर सरकते. कारखान्यात विणल्यावर जाळे ताणून, उष्णता देऊन गाठी बसवतात. घरी जाळ्यातले फाटके घर, म्हणजे दोऱ्यांमधली चौकट, सांधताना ही सोय नसते, म्हणून दोऱ्याला एक वेढा जास्त द्यायचा आणि सुईने खेचून गाठ जागच्या जागी दाबायची. सुई चपटी, मधल्या जिभेवर सूत गुंडाळलेले, त्यामुळे हात न थांबता पुरवठा होतो. सोबतच्या बांबूच्या पट्टीवर घराचे माप ठरते.

मग सुईऐवजी नुसत्या बोटांनी जाळे का सांधू नये? एखादे घर सांधता येईल. दहा घरांची भोके पडली की माप बिघडते: घर मोठे झाले तर मासा निसटतो, लहान झाले तर पिल्लू अडकते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तंगुसाचे, म्हणजे एकपदरी नायलॉन धाग्याचे जाळे स्वस्त; फाटले की टाकून नवे घेणेच परवडते. हे मान्य करावे लागेल, कारण वेळेलाही पैसे पडतात. पण टाकलेला तंगूस कुजत नाही. पाण्यात राहिला तर मासे अडकवतच राहतो. शिवाय नवे जाळे म्हणजे नुसता पट असतो. वरच्या दोरीला तो ठरावीक ढिलाईने बांधणे, तरंगते ओवणे, खाली शिसे लावणे हे सगळे सुईने, हातानेच होते. ती ढिलाई चुकली तर महागडे जाळेही फळीसारखे ताठ उभे राहते आणि मासा त्याला धडकून परततो.

सूत आणि तयार जाळी घ्यायला सरकार मच्छीमारांना अनुदान देते. त्याच योजनेत सांधणीचे चार दिवसांचे शिक्षणही जोडावे. सुई तर बांबूचीही होते.