पट्टा हातात, जोर पायात

दहा-अकरा वर्षांचा असताना मी शिवाजी पेठेतल्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकायला जाऊ लागलो. पहिले कित्येक दिवस वस्तादांनी हातात साधी काठीही दिली नाही. नुसता पवित्रा. पाय फाकवायचे, गुडघे मोडायचे आणि तसंच उभं राहायचं. "गुडघा मोड की रं, खांबागत काय उभारलायस!" हे रोजचं. मला तो छळ वाटे. पुढं पदार्थविज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा त्यामागचं कारण उमगलं.

गवंडी ओळंबा सोडतो, तसा शरीराच्या गुरुत्वमध्यातून एक ओळंबा खाली सोडला आहे असं समजा. तो दोन पावलांनी वेढलेल्या जागेत आहे तोवर माणूस पडत नाही. पाय फाकले की ही जागा वाढते, गुडघे मोडले की गुरुत्वमध्य खाली येतो. शिवाय मोडलेला गुडघाच शरीराला ढकलू शकतो. गुडघे ताठ ठेवून उडी मारून पाहा, म्हणजे पटेल.

दांडपट्ट्यात तर याची फारच गरज. त्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत जातो, मनगट बांधलं जातं. मनगटाचं काम मग खांद्याला, कमरेला आणि शेवटी पायांना करावं लागतं. पट्ट्याचं टोक खांद्यापासून दीड मीटरवर आहे आणि अर्ध्या सेकंदात एक फेरा होतो असं धरा. टोक सव्वानऊ मीटरहून जास्त अंतर कापतं, म्हणजे वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर! पट्टा किलोभराचा आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून मीटरभर दूर असेल, तर त्याला फिरवत ठेवायला सुमारे सोळा किलो वजनाइतकी ओढ लागते. तेवढीच ओढ खेळाडूला बाहेर खेचते, आणि फेऱ्याबरोबर तिची दिशाही फिरते. लिंबू कापणाऱ्याचा हात सगळे बघतात, मी पावलं बघतो.

भवानी देवी 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळली, तेव्हा या खेळात ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय ठरली. या तलवारबाजीतही गुडघे मोडलेलेच असतात, पण पावलं पुढं-मागं. चौदा मीटर लांबीच्या अरुंद पट्टीवर प्रतिस्पर्धी समोरूनच येणार, मग बाजूचा तोल कशाला राखायचा? मागचा पाय झटक्यात सरळ करून अंग पुढं फेकायचं. क्षणभर ओळंबा पावलांच्या बाहेर जातो, आणि पुढचं पाऊल टेकून तो सावरायचा. आपल्याकडं मात्र शत्रू चहूबाजूंनी आहे असं धरलेलं, म्हणून पावलं सतत वळती.

या वळण्यातच माझा गुडघा गेला. तालमीतल्या मातीत पाऊल अंगाबरोबर फिरतं. मिरवणुकीत डांबरी रस्त्यावर, रबरी तळव्याचे बूट घालून मी गिरकी घेतली. घर्षण इतकं की पाऊल जागेवरच राहिलं, अंग फिरलं आणि पीळ बसला गुडघ्याला. आता नातू पट्टा शिकतो. मिरवणुकीआधी मी त्याच्या बुटांचे तळवे तपासतो, आणि तो वैतागतो.