सुटलेली वायर कुठली?

दिवाळीच्या साफसफाईत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली धूळ ब्लोअरने उडवली, आणि मग बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरेना. झाकण काढलं तर आत एक वायर लोंबकळतेय. ती जायची कुठे, हे बहुतेक वेळा तिच्या टोकाकडे नीट पाहिलं तरी कळतं.

आधी भिंतीतला प्लग काढावा. मशीन बंद असली तरी पॉवर सप्लायच्या जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट खेळत असतात. प्लग काढल्यावर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलं की कपॅसिटरमध्ये उरलेला बराचसा चार्ज निघून जातो. अंगावरची स्थिर वीज घालवायला कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा.

इंटेलने १९९५ साली एटीएक्स मानक आणलं. त्यात वायरींचे रंग ठरलेले आहेत : पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३ आणि काळी ग्राउंड. हल्लीच्या पुष्कळ सप्लायमध्ये मात्र सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे कनेक्टरचा आकार पाहायचा. २४ पिनांचा रुंद कनेक्टर मदरबोर्डचा. हार्ड डिस्कच्या साटा केबलीचं तोंड इंग्रजी ‘एल’च्या आकाराचं; अरुंद ७ पिनांची डेटाची, रुंद १५ पिनांची पॉवरची. प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचा असे दोन्ही ८ पिनांचे कनेक्टर दिसायला सारखेच. पण खटक्याच्या बाजूला एकात १२ व्होल्ट, तर दुसऱ्यात ग्राउंड. अदलाबदल होऊ नये म्हणून काही पिनांची घरं चौकोनी आणि काहींचे कोपरे कापलेले असतात. त्यामुळे जोर लावावा लागला, तर जागा किंवा बाजू चुकली असं समजावं.

सर्वांत जास्त सुटतात त्या समोरच्या पॅनलच्या बारीक वायरी, कारण त्यांना खटकाच नसतो. पॉवर बटणाचा दोन पिनांचा प्लग उलटा बसला तरी चालतो. बटण त्या दोन पिना क्षणभर जोडतं, एवढंच. एलईडीतून करंट एकाच दिशेने जातो, म्हणून तिचा प्लग उलटा बसला तर दिवा लागत नाही. समोरच्या यूएसबी २.०च्या हेडरवर (मदरबोर्डवरच्या पिनांच्या रांगांवर) नववी पिन नसते, ऑडिओच्या हेडरवर आठवी. प्लगमधलं बुजवलेलं भोक त्या रिकाम्या जागेशी जुळवायचं.

कधीकधी वायर जागेवर असूनही संपर्क तुटतो. मशीन तापते, निवते, पंख्याने थरथरते. पिना केसाएवढ्याही न हलता घासत राहतात आणि त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवला की हा थर खरवडला जातो. मेकॅनिकने नुसती वायर काढून घातली आणि मशीन सुरू झाली, त्यात जादू नसते.

एका ठिकाणी मात्र आकारावर विसंबू नये. मॉड्युलर पॉवर सप्लायच्या केबली दोन्ही टोकांना सुटतात आणि सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. दुसऱ्या सप्लायची केबल तिथे अलगद बसेल आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळेल. केबल हरवली तर त्याच मॉडेलचीच मागवावी.